आधी खोली ऐका, मग स्पीकर निवडा

जळगावात घराच्या वरच्या मजल्यावर मी पहिले मोठे स्पीकर चढवले तेव्हा चार माणसं लागली. जिन्याच्या वळणावर एकाचं कोपर सोलवटलं, भिंतीचा गिलावा उडाला. सात महिन्यांनी तेच स्पीकर खाली उतरले आणि निम्म्या किमतीत गेले. दोष त्यांचा नव्हता. मुंबईच्या दुकानात गालिचा अंथरलेल्या, जाड पडदे सोडलेल्या लांबट खोलीत ते मखमलीसारखे वाजले होते. माझी खोली अकरा बाय अकराची. वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, चारही भिंती उघड्या. तबल्याच्या बायाँवर 'घे' पडला की त्याचा घुमारा इतका लांबायचा, की पुढचा 'घे' कुठे लागला ते कळायचंच नाही.

त्याच पावसाळ्यात अमळनेर तालुक्यात नात्यातल्या एका नानांकडे गेलो. जुनं धाब्याचं घर. हात-हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी कड्या, त्यावर मातीचं धाबं. एका अंगाला गाद्यांची चळत, कोपऱ्यात दादर ज्वारीची पोती. स्पीकर जेमतेम हातभर उंचीचे, माझ्या स्पीकरच्या पाव किमतीचे. नानांनी बासरी लावली आणि वादकाने श्वास कुठे घेतला तेही ऐकू आलं. "आते बरं वाटस ना?" नानांनी विचारलं. बरं कसलं वाटणार, पोटात गोळा आला होता.

पुढची काही वर्षं मी ओळखीपाळखीत बऱ्याच जणांच्या खोल्या लावून दिल्या, स्वतःची तीनदा लावली. स्पीकरच्या जोडीवर दीड-दोन लाखांच्या पुढे पैसे घालायचे ठरवलेल्यांसाठी हा लेख आहे. ज्या क्रमाने लिहितोय त्याच क्रमाने काम करावं, असा माझा आग्रह आहे. दुकान शेवटी.

टेप आणि टाळी

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. मग ५६५ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या सुराची अर्धी लाट बरोबर बसते तो सूर फुगतो. हा भागाकार त्याची कंपनसंख्या हर्ट्झमध्ये देतो. पंधरा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली असेल तर उत्तरं येतात साधारण ३८, ४७ आणि ५६. तिन्ही वेगवेगळी, म्हणजे घुमारा वाटला गेला. माझ्या अकरा बाय अकरात लांबी आणि रुंदी दोन्हीकडून ५१, उंचीकडून ५६.५. सगळा भार एकाच ठिकाणी. दहा बाय दहा बाय दहा असेल तर विचारूच नका, तिन्ही भिंतीजोड्या ५६ वरच बसतात. डब्यात तोंड घालून बोलावं तसं.

म्हणून घरात दोन खोल्या मोकळ्या असतील तर चौकोनी सोडून लांबट निवडा, मग ती कमी देखणी का असेना. एक माप दुसऱ्याच्या दुप्पट असेल तेही वाईटच, कारण दुपटीत सूर पुन्हा एकमेकांवर येतात. (गंमत म्हणून सांगतो: हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. वीस अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर ४५ अंशांना ३५७ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात खोलीचा घुमारासुद्धा चार टक्के वर चढतो. स्पीकर निवडताना याचा काही उपयोग नाही.)

मग रात्री पंखा बंद करून खोलीच्या मध्यभागी उभं राहा आणि एकच खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागून पत्र्यावर खडा घरंगळल्यासारखी झणझण आली तर दोन उघड्या भिंती आवाजाची फेकाफेकी करताहेत. ही झणझण कुठलाही स्पीकर घालवणार नाही, दहा लाखांचाही नाही.

तिसरी गोष्ट शांतता. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि स्लॅबखालची खोली रात्री दहालाही भट्टीसारखी असते. कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की खोलीत ५५-६० डेसिबलचा घरघराट भरतो. मोबाइलवर आवाज मोजणारं फुकटचं ॲप टाका आणि पंखा, कूलर, एसी एकेक चालू करून आकडे वहीत लिहा. आकडा अगदी बरोबर नसेल, पण फरक बरोबर कळतो. तानपुऱ्याचा झंकार विरत जातो, ते शेवटचे दोन सेकंद कूलरखाली गाडले जातात. ते ऐकू यावेत म्हणून तर तुम्ही एवढे पैसे घालताय. माझं स्पष्ट मत आहे: खोलीला इन्व्हर्टरचा स्प्लिट एसी नसेल तर स्पीकरच्या पैशातून तो आधी घ्या. कूलरचा दमटपणा स्पीकरच्या पेटीच्या लाकडी पापुद्र्यालाही सोसत नाही.

कापूस आपल्या घरचा आहे

शहरातले लोक खोलीच्या भिंतींना लावायला फायबरचे तयार तक्ते मागवतात. आपण कापसाच्या मुलखात राहतो. माझी नोकरी जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

मऊ, सच्छिद्र वस्तूत ध्वनीची लाट शिरली की तंतूंमधून जाता-येता तिची ताकद घासून संपते, उष्णता होते. पण किती खालच्या सुरापर्यंत हे घडेल ते जाडीवर ठरतं. भिंतीवर टांगलेली सतरंजी फक्त वरचे सूर खाते. मग खोली वरून मऊ आणि खालून तशीच घुमणारी, म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. चार इंच जाडी असेल तर काम तीनशे-चारशे हर्ट्झपर्यंत पोचतं, आणि तोच तक्ता भिंतीपासून चार इंच पुढे धरला तर त्याच कापसात आणखी खाली उतरतो. मागे सोडलेली हवा फुकट असते, ती भरपूर सोडा.

आमच्याकडे तक्ता असा होतो. चार बाय दोन फुटांची, चार इंच खोलीची साध्या सागवानी किंवा पाइनच्या पट्ट्यांची चौकट सुताराकडून करून घ्यायची. मागे जाळी किंवा आडव्या सुतळ्या. आत पिंजून घेतलेली रुई. गादीसारखी ठासायची नाही आणि उशीसारखी विरळही नाही. पंजा दाबला तर दोन बोटं आत जावीत आणि हात काढला की ती हळूहळू वर यावी. वरून मांजरपाट ताणून ठोकायचा. कापड असं हवं की तोंडाला लावून फुंकर मारली तर पलीकडे जाईल. रेक्झिन किंवा चकचकीत पडद्याचं कापड लावलंत तर सगळी मेहनत वाया, आवाज त्यावरूनच परत फिरतो. उभ्या चौकटीत रुई काही महिन्यांनी खाली बसते, म्हणून मध्ये सुतळीचे दोन-तीन टाके आरपार घालायचे, गादीला घालतात तसे. दाबलेल्या गाठीतला कापूस तसाच वापरायचा मोह काहींना होतो. १७० किलोची ती गाठ भिंतीइतकी टणक असते, तिच्यात लाट शिरतच नाही.

दोन गोष्टी जपा. सरकी राहिलेला कापूस घेऊ नका, उंदीर लागतील. माझ्या पहिल्या तक्त्यात एक अख्खं कुटुंब नांदलं. आणि कापूस पेट घेतो. गादीच्या रुईला बोरिक ॲसिड लावून घेण्याची पद्धत आहे, ती इथेही वापरा. तक्त्यामागून वायर नेऊ नका, स्विचबोर्डापासून तक्ता हातभर लांब ठेवा, आणि उदबत्ती-धूप त्या खोलीत नको. जिनिंगला लागलेली आग ज्याने एकदा पाहिली आहे त्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

तक्ते लावायचे कुठे? तुमच्या बसायच्या जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे आवाजाची पहिली धडक बसते. तिथे एक तक्ता. दोन्ही बाजूंना तसंच. एक-दोन तुमच्या डोक्यामागच्या भिंतीवर, आणि उरतील ते कोपऱ्यांत तिरके उभे, कारण सगळे खालचे सूर कोपऱ्यात जमतात. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा. सहा-सात तक्त्यांत बहुतेक खोल्या ताळ्यावर येतात. सगळी खोली मढवू नका. पूर्ण मेलेल्या खोलीत गाणं गुदमरतं.

हे सगळं करून पुन्हा टाळी वाजवा. मग स्पीकरचा विचार.

काय ऐकता ते वहीत लिहा

महिनाभर जे ऐकाल ते लिहून ठेवा. बहुतेकांची यादी बघितली की मोठ्या स्पीकरची हौस आपोआप उतरते. हिशेब साधा आहे. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणून तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४. ख्याल, नाट्यपद, भजन, अभंग, भावगीत हेच तुमचं ऐकणं असेल, तर ५० हर्ट्झपर्यंत नेटकं वाजणारा स्पीकर तुम्हाला काहीही कमी पडू देणार नाही. पियानोचा तळाचा सूर २७.५ आणि बास गिटारची जाड तार ४१. सिंफनी, चर्चचा ऑर्गन, हल्लीचं इलेक्ट्रॉनिक संगीत यांना खरंच तळ लागतो. पण आठवड्यातून दोनदा ऐकायच्या गोष्टीसाठी रोजच्या ऐकण्याचा चिखल करून घ्यायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. लहान खोलीत खोल वाजणारा स्पीकर म्हणजे घुमाऱ्याला रोजचा खुराक.

यादीसोबत कानही तपासून घ्या. मी तीस वर्षं जिनच्या खडखडाटात काढली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढला तेव्हा डाव्या कानात चार हजार हर्ट्झच्या आसपास खळगा निघाला, गोंगाटात काम करणाऱ्यांना पडतो तो नेहमीचा. तोपर्यंत मी दर स्पीकरमध्ये डावी बाजू दबलेली म्हणून खोट काढत होतो. पन्नाशीनंतर वरचे सूर सगळ्यांचेच कमी होतात. मग चाळीस हजार हर्ट्झपर्यंत वाजणाऱ्या ट्वीटरसाठी (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) जादा पैसे मोजताना जरा थांबावं.

वॅटचा हिशेब

दुकानदार वॅटवर बोलतो, तुम्ही संवेदनशीलतेवर बोला. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, तो हा आकडा. बहुतेक चांगल्या घरगुती स्पीकरचा ८४ ते ९० च्या दरम्यान असतो. ९२ असेल तरी तो स्पीकर शंभरातला जेमतेम एक वॅट आवाजात बदलत असतो. बाकी सगळं उष्णता. आपल्या खोल्यांत त्याचीही भर.

नऊ फुटांवर बसलात, म्हणजे पावणेतीन मीटर. तेवढ्या अंतराने पावणेनऊ डेसिबल घटतात, दोन स्पीकरमुळे तीन परत मिळतात. ८६ चा स्पीकर एक वॅटला तुमच्या कानाशी साधारण ८० देतो. संगीताच्या उसळीला ९५ लागतात, म्हणजे पंधरा डेसिबल जास्त. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट, त्यामुळे तीस वॅट. हात राखून पन्नास-साठ. स्पीकर ९० चा असेल तर बारा-तेरा वॅटमध्ये भागतं आणि ८४ चा असेल तर पन्नासजवळ. म्हणजे १२ बाय १५ च्या खोलीत दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर लग्नाच्या वरातीत नेण्यापुरता.

मात्र एक आकडा चुकवू नका: स्पीकरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमीत कमी किती ओहमपर्यंत उतरतो. डब्यावर आठ ओहम छापलेला स्पीकर एखाद्या सुराला तीनपर्यंत खाली येतो आणि हलका ॲम्प्लिफायर तिथे धापा टाकतो, उन्हाळ्यात तर हमखास. तीनपर्यंत उतरणारा स्पीकर आवडलाच असेल तर चार ओहमला जवळजवळ दुप्पट वॅट देणारा ॲम्प्लिफायर सोबत धरूनच किंमत मांडा.

पेटी कशी असावी

स्टँडवरचे छोटे की जमिनीवर उभे मोठे? बारा बाय पंधराच्या आतल्या खोलीला मी डोळे झाकून स्टँडवरचे सांगतो. लहान पेटी म्हणजे तडजोड नव्हे. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीत मावावा म्हणून एलएस३/५ए नावाचा चपलेच्या खोक्याएवढा स्पीकर बनवला होता. त्याच्या धाटणीच्या पेट्या आजही तयार होतात आणि मानवी आवाजाला त्यांच्याइतके प्रामाणिक कमीच असतात. स्टँड मात्र दणकट हवा, पोकळ नळीत बारीक कोरडी वाळू भरून. तापीची वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवून भरली की पैसे वाचतात. ओली भरलीत तर आतून गंजतो, हे मी करून पाहिलं आहे.

पेटीला भोक (तळाचा आवाज बाहेर सोडणारं) कुठे आहे ते पाहा. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवायला जागा हवी. जागा नसेल तर पुढे भोक असलेला, किंवा बंद पेटीचा घ्या. बंद पेटीचा तळ लवकर उतरायला लागतो, पण हळूहळू उतरतो; भिंत त्याला हात देते आणि बायाँचा ठेका सुटा ऐकू येतो. भोकाच्या पेटीचा तळ खोल जातो आणि तिथून धाडकन तुटतो. मला बंद पेटी आवडते; नानांची तीच होती. कर्णे लावलेले जास्त संवेदनशील स्पीकर मोठ्या दिवाणखान्यात बहार आणतात, लहान खोलीत जवळ बसून ऐकायला अंगावर येतात. शंकूऐवजी विजेने हलणारा पातळ पडदा असलेले (इलेक्ट्रोस्टॅटिक) स्पीकर स्वरांना अप्रतिम, पण ते धुळीला नाजूक. वैशाखात वावटळी सुटतात त्या मुलखात मी घेणार नाही.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही: स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची कड कशाची? फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत उष्णतेने आणि दमटपणाने भुगा होते. रबराची मागा. सुटे भाग भारतात मिळतात का, तेही तिथेच लिहून घ्या. भारतीय कंपन्यांना नाक मुरडू नका, कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून या धंद्यात आहे. दुरुस्तीला पेटी समुद्रापार पाठवावी लागत नाही, हा हिशेब किमतीत धरावा.

आलेख वाचायचे कसे

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत संशोधक फ्लॉइड टूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कुठला स्पीकर वाजतोय ते दिसत नसलं की लोकांची पसंती बरीचशी एकसारखी येते, आणि ती समोरून सपाट (सगळे सूर सारख्याच जोराने) व बाजूंना हळूहळू, खड्डे न पडता उतरत जाणाऱ्या स्पीकरला येते. पेटी दिसली की किंमत आणि नाव कानात बसतं. म्हणून मोजमापाचा आलेख मिळाला तर नुसती समोरची रेघ पाहू नका. बाजूला तीस-चाळीस-साठ अंशांवर मोजलेल्या रेघा समोरच्या रेघेची सावली असल्यासारख्या हव्यात. बाजूने जाणारा आवाज तुमच्या भिंतींवर आपटून तुमच्याकडेच येणार आहे. आलेख लपवणाऱ्या, नुसती विशेषणं छापणाऱ्या कंपनीला मी यादीतून काढतो. थोडं कडक वाटेल, पण यादी तीन-चारवर येते आणि मुंबईच्या खेपा वाचतात.

ऐकायला जाताना

आता दुकान. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. रात्री गाडीत बसून सकाळी थेट दुकानात जाऊ नका, जागरणाचे कान खोटं बोलतात. आधी फोन करून आठवड्याच्या मधल्या दिवसाची, निवांत दोन तासांची वेळ ठरवा. टेप सोबत न्या आणि त्यांच्या खोलीचं माप घ्या. दुकानदार चमकतो, पण मग नीट बोलतो.

सोबत न्यायच्या ध्वनिमुद्रणांत एक घरचं असू द्या. माझ्या पत्नीने बाजाराची यादी वाचलेली मी चांगल्या रेकॉर्डरवर, अंगणात, भिंतींपासून लांब, हातभर अंतरावरून टिपून ठेवली आहे: "अर्धा किलो शेव, पाव किलो लसूण, भरताची वांगी हिरवी बघून घ्या." कुठल्याही गायिकेचा खरा आवाज मी समोर बसून रोज ऐकलेला नाही; हा ऐकला आहे. स्पीकरने तिला सर्दी लावली, नाकात बोलवलं किंवा 'स' फुटून शिट्टी झाली की एका वाक्यात कळतं. बीबीसीचे अभियंतेही माणसाचं जितंजागतं बोलणं आणि स्पीकरमधलं बोलणं शेजारी ठेवून पारख करत. दुकानात सगळे हसले, मग त्यातल्याच एकाने हळूच विचारलं, "काका, ही फाइल मला देता का?"

बाकीची चार अशी निवडा: नुसता तानपुरा दोन मिनिटं (तारांचे वेगवेगळे झंकार सुटे येतात की एकच गुणगुण?), विलंबित ठेक्यातला बायाँ, तार सप्तकातला स्त्रीस्वर, आणि हार्मोनियमसोबत टाळ असलेलं भजन. टाळ हे फार क्रूर वाद्य आहे. वाईट ट्वीटरवर ते पत्र्याच्या डब्यात नाणी हलवल्यासारखं वाजतं.

दोन जोड्या ताडून पाहताना आवाज सारखा करून घ्या, मोबाइलच्या ॲपवर बसल्या जागी मोजून. एक डेसिबल जास्त वाजणारा नेहमी चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. एकदा नुसता एकच स्पीकर ऐका. जोडीत झाकले जाणारे दोष एकट्यात उघडे पडतात, हेही टूल यांच्याच प्रयोगांतून आलेलं. आवाज खूप कमी करूनही ऐका. घरी रात्री अकराला तेवढाच असणार आहे. पहिल्या पाच मिनिटांत "वा!" म्हणायला लावणारा स्पीकर मी संशयाने बघतो. त्याचा वर आणि खाली चढवलेला मसाला तासाभराने डोकं धरायला लावतो. खापरावरच्या मांड्यासारखं असावं, तिसऱ्या घासाला गोडी कळावी.

मग एकच मागणी करा: आठ दिवस घरी. पूर्ण रक्कम अनामत ठेवून, वाहतूक तुमच्या खर्चाने. नाही म्हणणारे बरेच भेटतील. हो म्हणणारा थोडा महाग असला तरी तिथेच घ्या. मी पहिल्या वेळी हे विचारलंच नव्हतं.

पैसे, वायर, लाइट

पाच लाख असतील तर माझी वाटणी अशी: अडीच स्पीकर, सव्वा ॲम्प्लिफायर, पाऊण खोली आणि एसी, उरलेलं गाणं वाजवणाऱ्या यंत्रावर. वायरवर काही नाही. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची घरगुती वायर चार मीटर नेली तर जाण्यायेण्याचा रोध ०.०६ ओहम होतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. दोन्ही बाजूंना सारखी लांबी कापा, विषय संपला.

लाइटकडे मात्र दुर्लक्ष नको. कृषिपंपांच्या फीडरजवळ घर असेल तर दाब संध्याकाळी कोसळतो आणि रात्री चढतो. चांगला स्टॅबिलायझर, स्वतंत्र सोळा अँपिअरचा पॉइंट आणि खरीखुरी अर्थिंग. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत राहा, काळी माती वाळून भेगाळली की अर्थ सुटतो आणि स्पीकरमधून भुणभुण सुरू होते. पहिल्या पावसाच्या विजांआधी प्लग काढून ठेवायचा.

जागा

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण. स्पीकर खोलीच्या आखूड भिंतीसमोर, आवाज लांबीकडे धावेल असा. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली नको आणि बरोबर मध्यभागीही नको. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, नाहीतर मागच्या भिंतीपासून तेवढ्यावर सुरुवात करा. पंधरा फुटांत ते साधारण पावणेसहा फूट होतात. ट्वीटर कानाच्या उंचीला.

स्पीकरमागचं अंतर जपून ठरवा. भिंतीवरून परतलेली लाट एका ठरावीक सुराला पुढच्या लाटेचा काटा काढते: दोन फुटांवर १४० हर्ट्झच्या आसपास, तीन फुटांवर ९४ ला. बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्याइतकंच ठेवलंत तर खड्डा दुप्पट होतो, म्हणून दोन्ही अंतरं वेगळी ठेवा. मोजमापाचा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर घेतलंत तर हे सगळं पडद्यावर दिसतं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा-पुतण्या हाताशी धरा, एका रविवारचं काम आहे. माइक नसेल तर ठेका असलेली एकच चीज लावून स्पीकर दोन-दोन इंच सरकवा. आधी मागेपुढे, मग एकमेकांपासून लांब-जवळ, आणि शेवटी तोंड किती आत वळवायचं ते. एका दिवसात एकच बदल. माझं तीन आठवडे चाललं. तेव्हा घरातल्यांनी ती खोली ओलांडायचंच सोडलं होतं.

जागा सापडली की स्टँडच्या चारही कोपऱ्यांना टाइल्सवर ऑइलपेंटचे बारीक ठिपके द्या. खडूचे दिले तर फरशी पुसताना जातात, चिकटपट्टी कूलरच्या दमटपणाने सुटते. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर हलणारच. आमच्याकडे ठिपके लाल आहेत. दर आश्विनात कुणीतरी ते खरवडायला घेतं आणि मला ऑफिसात फोन येतो.